दोन दीर्घिका 'डाग' म्हणून पुसल्याबद्दल तक्रार

दि. १२ फेब्रुवारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : देवयानी दीर्घिकेच्या प्रिंटमध्ये न विचारता केलेल्या फेरफाराबाबत

महोदय,

आपल्या लॅबमधून मागवलेला २४ बाय ३६ इंचांचा प्रिंट परवा शाळेत पोचला. पॅकिंग उत्तम होतं, एकही कोपरा दुमडलेला नव्हता. तेवढं श्रेय आधीच देऊन टाकतो. विज्ञान मंडळाच्या मुलांसमोर नळी उघडली, प्रिंट टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर कंपासपेट्या ठेवल्या. खाली छापलेली ओळ आठवीतल्या एका मुलीने मोठ्याने वाचली : 'देवयानी दीर्घिका आणि तिच्या दोन सोबती दीर्घिका'. मग तिने चित्राकडे पाहिलं, ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "सर, सोबती कुठायत?"

त्या नव्हत्याच. एम-३२ हा देवयानीच्या चकतीच्या कडेला चिकटल्यासारखा दिसणारा गोल ठिपका आणि पलीकडच्या बाजूचा एम-११० हा लांबट धूसर पुंजका, दोन्ही साफ पुसलेले. त्यांच्याबरोबर बारीक ताऱ्यांपैकी निम्मेअधिक गेले होते.

आपल्याकडे फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "साहेब, फोटोवर खूप पांढरे डाग होते, आमच्या मुलाने दोन तास बसून काढले. त्याचे जादा पैसे लावलेले नाहीत." तो मुलगा मेहनती आहे याबद्दल मला शंका नाही. लग्नाच्या जुन्या फोटोवरची धूळ तो सुरेख काढत असेल. पण ऑर्डर देताना 'रंगदुरुस्ती नको' आणि 'रिटचिंग नको' या दोन्ही चौकोनांवर मी खूण केली होती. त्याची प्रत सोबत आहे.

आता त्या डागांविषयी. डिसेंबरमध्ये अमावास्येच्या आसपासच्या चार रात्री आम्ही वेल्ह्याजवळच्या एका पठारावर काढल्या. ८० मिलिमीटरची दुर्बीण, लाल उजेड अडवणारा आतला फिल्टर काढून घेतलेला जुना डीएसएलआर कॅमेरा आणि प्रत्येकी १८० सेकंदांच्या फ्रेम, म्हणजे सुटे फोटो. एकूण २६२ मिळाल्या; २२ वाऱ्याने हलल्या म्हणून टाकल्या. उरलेल्या २४० म्हणजे बरोबर १२ तासांचा उजेड. पहाटे कुडकुडत, दुर्बिणीला टोपण लावून, त्याच थंडीत डार्क फ्रेम घेतल्या, म्हणजे सेन्सरची स्वतःची खरखर नंतर वजा करण्यासाठी काढलेले काळे फोटो. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, घेतल्या, आणि त्या कशासाठी? सेन्सरवरच्या खऱ्या धुळीचे डाग जावेत म्हणून! म्हणजे धूळ काढायचं काम आपल्याकडे फाइल येण्याआधीच झालं होतं.

नंतर महिनाभर संध्याकाळी शाळेच्या संगणकावर सिरिल हे आकाशाचे फोटो जुळवण्याचं सॉफ्टवेअर घेऊन बसलो. एका फ्रेममध्ये देवयानीचा पिवळट गाभा आणि भोवती खरखर, एवढंच दिसतं. २४० फ्रेम एकावर एक रचल्या की खरखर साधारण पंधरा पटींनी दबते आणि मग कुठे बाहेरचे हात वर येतात. ईशान्येकडून पुण्याच्या दिव्यांचा तांबूस उजेड चढला होता, तो वेगळा काढला. स्ट्रेच करताना, म्हणजे अंधूक भाग उजळवताना, तर दर वेळी हात आखडता घ्यावा लागतो : थोडं जास्त ओढलं की गाभा पांढराफटक पडतो, कमी ओढलं तर कडा अंधारात जातात. मुलांनी सतरा वेळा मागे-पुढे केलं.

आकाशाची पार्श्वभूमी आम्ही मुद्दाम पूर्ण काळी ठेवली नव्हती. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं, तर साधारण २२ वर ठेवली होती. कारण चकतीच्या शेवटच्या कडा त्याहून जेमतेम उजळ असतात. आपल्या 'ऑटो' बटणाने आकाश डांबरासारखं काळं केलं आणि त्या कडा त्यात बुडाल्या. देवयानी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे, हे मुलांना दाखवायचं होतं. प्रिंटमधली देवयानी सोललेल्या कांद्यासारखी आकसली आहे. गाभा पिवळा होता, कारण तिथले तारे म्हातारे आहेत. तो आता निळसर पांढरा आहे. हातांवरचे गुलाबी ठिपके म्हणजे तारे जन्माला घालणारे हायड्रोजनचे ढग. तेही डागांत जमा झाले.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी याच दीर्घिकेची प्लेट, म्हणजे काचेवरचा फोटो, घेतली. तिच्यावरच्या एका ठिपक्याशेजारी त्यांनी आधी नोव्हाचा, म्हणजे अचानक उजळणाऱ्या ताऱ्याचा, 'एन' लिहिला, मग तो खोडून 'व्हीएआर' लिहिलं, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा रूपविकारी तारा. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे त्या ठिपक्यावरून काढलेल्या अंतरामुळे कळलं. ती प्लेट आपल्या लॅबमध्ये आली असती, तर ठिपका दुपारच्या जेवणाआधीच गेला असता. हे रागाने लिहितोय, पण खोटं नाही.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आहे आणि हा प्रिंट प्रदर्शनाच्या दारात लावायचा आहे. ४,६५० रुपये मुलांनी रद्दी विकून आणि पालकांकडून जमवले आहेत. तेव्हा त्याच कागदावर, त्याच मापाचा, कोणतीही दुरुस्ती न केलेला नवा प्रिंट २४ तारखेपर्यंत विनामूल्य पाठवावा. जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे दुसरीकडे छापून घेता येईल. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मला ते टाळायचं आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे.

१६ बिट टिफ फाइल पुन्हा पाठवत आहे. सोबत एक लहान प्रत वेगळी जोडली आहे, तिच्यावर मुलांनी लाल बाणांनी दोन्ही सोबती दीर्घिका दाखवल्या आहेत. ती आपल्या मुलाच्या टेबलासमोर चिकटवावी. बाण छापू नयेत.

आपला,
विज्ञान शिक्षक

सोबत : बिलाची प्रत, ऑर्डरची प्रत, आलेल्या प्रिंटचे दोन फोटो