गाठ लहान असेल, तर किडनी वाचवा

मा. संपादक,

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये 'उजव्या किडनीत ३ सेंमीची घन गाठ' निघावी, असे हल्ली वरचेवर होते. किडनीचे सुरुवातीचे कर्करोग बहुतेक असेच, काही त्रास नसताना सापडतात. घर हादरते. 'एका किडनीवर माणूस जगतो' म्हणत दोन दिवसांत संमतिपत्रावर सही होते. ही घाई टाळायला हवी.

गाठ ४ सेंमीपर्यंत आणि किडनीच्या आतच असेल, तर गाठीपुरता भाग काढून उरलेली किडनी राखणे (पार्शल नेफ्रेक्टॉमी) हा पहिला पर्याय आहे. गाठीची जागा सोयीची असेल तर ७ सेंमीपर्यंतही हे जमते. या टप्प्यावर कर्करोगाने दगावण्याचा धोका कमी असतो. ५ वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त आहे. लहान गाठीत अख्खी किडनी काढून त्यात भर पडत नाही. केमोथेरपीचा इथे उपयोग नाही आणि शस्त्रक्रियेनंतर सहसा कुठलेही औषध लागत नाही.

सहीआधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन) हवाच. त्यात गाठीला रक्तपुरवठा किती आणि ती मुख्य रक्तवाहिन्यांना किती खेटून आहे, हे कळते. ४ सेंमीखालच्या घन गाठींपैकी सुमारे पाचांतली एक कर्करोगाची नसतेच. शंका असेल तिथे सुईने बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी) करता येते. सुईच्या वाटेने कर्करोग पसरणे फारच विरळ, तेव्हा त्या भीतीने ती नाकारू नये.

शस्त्रक्रियेत किडनीची रोहिणी चिमट्याने बंद करून, गाठ निरोगी उतीच्या पातळ कडेसह काढतात आणि खाच शिवून चिमटा सोडतात. हे साधारण २५ ते ३० मिनिटांत उरकावे लागते. रक्ताविना जास्त वेळ गेला तर वाचवलेला भागच निकामी होतो. म्हणूनच सर्जनला 'अशा किती केल्यात?' हे विचारायला संकोचू नका. शिवणीतून लघवी झिरपली तर स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालावा लागतो. घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनीही लघवीतून लालभडक रक्त आले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आत रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तो बहुधा अँजिओग्राफी करून बंद करता येतो.

वय जास्त, हृदय कमजोर आणि गाठ २-३ सेंमीची असेल, तर ठरावीक अंतराने स्कॅन करत नजर ठेवणेही योग्य उपचारच आहे. अशा गाठी बहुधा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. सुईने गाठ जाळणे किंवा गोठवणे हा मधला मार्ग. त्यात गाठ उरण्याची शक्यता थोडी जास्त असते.

राहिला मुद्दा क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनीचे काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचा. ६५ वर्षांच्या बाईचे १.१ आले की 'नॉर्मल' म्हणून रिपोर्ट बाजूला पडतो. प्रत्यक्षात त्या वयात त्याचा अर्थ ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज) ६०च्या खाली, म्हणजे किडनीची ताकद आधीच घटलेली. मधुमेह, रक्तदाब असेल तर अख्खी किडनी गमावणे पुढे महागात पडते. ईजीएफआर आणि लघवीतले प्रथिन शस्त्रक्रियेआधी तपासावे, नंतर दरवर्षी. गाठीसाठीचे स्कॅन किमान ५ वर्षे चुकवू नयेत. आणि तंबाखू कायमची सोडावी.

— एक मूत्रशल्यचिकित्सक, पुणे