परत पाठवलेल्या पेशंटचा रकाना कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा तुमचा अर्ध्या पानाचा लेख वाचला, रंगीत तक्त्यासकट. सरकारी योजनेचं कार्ड, कंपनीचा ग्रुप विमा, स्वतः हप्ते भरून घेतलेली पॉलिसी आणि काहीच नसलेले, असे चार रकाने, आणि शेवटी निष्कर्ष काय तर सरकारी कार्डवाल्यांना आता जवळपास इतरांइतकीच सेवा मिळते. अभिनंदन. मावशीला मुद्दाम वाचून दाखवलं. बिचारी पोटावर हात दाबून हसली.

मावशीच्या पित्ताशयात खडे आहेत. सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे, ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, सरकारी योजनेचं कार्डही आहे. योजनेच्या यादीत नाव असलेल्या एका हॉस्पिटलला मी फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न, "कुठलं कार्ड?" पेशंटचं वय काय, दुखतंय कुठे, ताप आहे का, काही नाही. कार्ड सांगितलं तर म्हणे योजनेचे बेड फुल्ल आहेत, थोड्या दिवसांनी करून बघा. करून बघितला तर तेव्हा सर्जन सुट्टीवर. मग बायकोने तिच्या फोनवरून त्याच काउंटरला नुसती चौकशी केली, दुखणं तेच सांगितलं, रिपोर्ट तोच वाचून दाखवला, फक्त कार्डाच्या जागी तिच्या ऑफिसच्या ग्रुप विम्याचं नाव घेतलं. "उद्या सकाळी अकराला घेऊन या पेशंटला, आधीचे रिपोर्ट आणा, येताना काही खाऊन येऊ नका." बोलणारी मुलगी तीच हो, आवाज लगेच ओळखला आम्ही. तिच्यावर राग नाही, तिला वरून जे सांगितलंय तेच ती बोलणार.

आता हे हॉस्पिटल तुमच्या तक्त्यात कसं आलं असेल? 'संलग्न रुग्णालये' या ओळीत, सरकारी रकान्यात एक आणि ग्रुप विम्याच्या रकान्यात एक. झाली की बरोबरी!

त्याच्या खालची ओळ 'वर्षभरात रुग्णालयात दाखल'. मावशीकडे मध्यंतरी पाहणीवाले आले होते, ते तुमच्या लेखातलेच की दुसरे कुणी कोण जाणे. दाखल झाला होतात का? नाही. खिशातून किती खर्च झाला? काहीच नाही. संपला फॉर्म. म्हणजे कागदावर मावशी ठणठणीत, खर्च शून्य, आणि रात्री कळ आली की ती उठून भिंतीला टेकून बसते आणि गोळी घेते ते कुणीच विचारलं नाही. उपचार लागत होते पण मिळाले नाहीत असं झालं का, का मिळाले नाहीत, एवढे दोन प्रश्न घातले असते तर काय बिघडलं असतं? आणि समाधानी रुग्णांची टक्केवारी म्हणजे तर कहर, ती डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवरून काढलीय असं तुम्हीच तळाला बारीक अक्षरात छापलंय. म्हणजे बसमध्ये बसलेल्यांनाच विचारायचं की बाबांनो, बस मिळाली का! क्लेमच्या आकड्यांचंही तेच. क्लेम त्याचाच होणार जो आत गेला, काउंटरवरून परत गेलेल्याचा क्लेम कोण टाकणार?

बरं, हे मोजता येत नाही अशातलाही भाग नाही. अमेरिकेत, शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत, २०१० साली संशोधकांनी मुलांच्या स्पेशालिस्ट क्लिनिकना आई बनून फोन केले. २७३ क्लिनिक, प्रत्येकाला महिनाभराच्या अंतराने दोनदा फोन, मुलाचं दुखणं तेच, विमा तेवढा वेगळा. सरकारी विमा सांगितला तर ६६ टक्के वेळा नकार आणि खासगी सांगितला तर ११ टक्के. ज्यांनी दोन्ही मुलांना घेतलं त्यांच्याकडेही सरकारी विम्याच्या मुलाला सरासरी २२ दिवस जास्त थांबायचं होतं. आणि निम्म्याहून जास्त फोनांमध्ये अपॉइंटमेंट मिळेल की नाही हे सांगायच्या आधीच विमा कुठला ते विचारलं होतं, म्हणजे "कुठलं कार्ड?" हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलंय हे, तुमच्या प्रतिनिधीला शोधायला फार वेळ लागायचा नाही.

शिवाय सरकारी कार्डवाला बहुतेकदा जास्त गरीब, जास्त आजारी आणि उशिरा येणारा, त्यामुळे दोघांचे आकडे सारखे दिसले तरी त्याच्या गरजेच्या मानाने त्याला कमीच मिळालेलं असतं, हे लेखात कुठेच नाही. अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यात २००८ साली सरकारी विम्यासाठी लॉटरी काढली होती, म्हणून तिथे नंबर लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना धडपणे करता आली. विमा मिळालेले लोक डॉक्टरकडे जास्त जायला लागले हे खरं, पण त्यांच्या इमर्जन्सीतल्या फेऱ्याही साधारण ४० टक्क्यांनी वाढल्या. आता याला सेवा मिळाली म्हणायचं की वेळेवर नाही मिळाली म्हणायचं, याचा तुमच्या तक्त्याने आधी विचार करायला नको? उद्या मावशीचा खडा नळीत अडकला आणि तिला रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं, की तुमचा सरकारी रकाना एकाने सुधारणार.

पुढच्या वेळी तक्ता छापायच्या आधी तुमच्या दोन वार्ताहरांना एकच दुखणं आणि दोन वेगवेगळी कार्डं देऊन फोन करायला बसवा. एक दुपार पुरते.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या खाली विमा कंपनीची जाहिरात होती, ती चष्मा न लावता वाचता आली. तक्त्याच्या तळटीपा मात्र राखाडी रंगावर पांढऱ्या अक्षरात, भिंग घेऊनही दिसत नाहीत. हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं, ते पत्र तुम्ही छापलंत पण नेमकं तेवढंच वाक्य गाळलंत. या वेळी बाकीचं कापलंत तरी चालेल, हे ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार