गुडघ्याची वही लिहायला लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका लिगामेंटचं (हाडाला हाड बांधणाऱ्या दोराचं) ऑपरेशन झालेल्या माणसाला जो भेटेल तो एकच विचारतो, "मैदानावर कधी?" तुम्ही हा प्रश्न कधी विचारला नाहीत आणि आम्ही विचारला तेव्हा उत्तरही दिलं नाहीत. तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "टाच टेकून पाय सैल सोडला की गुडघ्याखाली बोट शिरतं का?" पहिले काही दिवस त्याचा राग यायचा. आता त्याच प्रश्नासाठी आभार मानायला हे पत्र लिहितोय. उघड अशासाठी, की नुकताच लिगामेंट फाटलेला कुणी ते वाचेल आणि त्याचे चार-सहा आठवडे तरी वाचतील.

आधी ऑपरेशनपूर्वीच्या दिवसांबद्दल. गुडघा सुजलेला आणि अर्धवट वाकलेला असताना घाईने टेबलावर जाऊ नका, असं तुम्ही बजावलंत आणि सर्जनना तशी चिठ्ठीही दिलीत. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडण्याची भीती जास्त. सूज उतरवून, पाय पूर्ण सरळ करून, मांडीला जाग आणूनच आत जायचं. त्याच आठवड्यांत तुम्ही चांगल्या पायाची ताकद मोजून पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं की चांगल्या पायाचं काय काम! ते पुढे येईलच.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरका बांधणारा दोर. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं ही त्याची कामं. तो तुटला की हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा), गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा वाटीवरचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढतात, हाडांत बोगदे पाडतात आणि तिथे बसवतात. ऑपरेशन एका दिवसाचं. उरलेले नऊ महिने ते वर्षभर तुमच्या वाट्याला येतात, आणि सर्जनला पेशंट जितक्या वेळा धन्यवाद म्हणतो त्याच्या निम्म्या वेळाही तुम्हाला म्हणत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही वाकवण्यापेक्षा सरळ करण्याच्या मागे लागलात. सुजलेल्या सांध्याला किंचित वाकून राहिलं की आराम पडतो, म्हणून हात आपोआप उशीकडे जातो. गुडघ्याखालची ती उशीच घात करते. तुम्ही उशी काढून घेतलीत आणि टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली दिलीत. गुडघ्याखाली काही नाही, मांडी सैल, पाय स्वतःच्या वजनाने खाली सुटलेला. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. शेवटचे पाच अंश राहिले तर दिसायला काहीच बिघडत नाही, पण चाल लंगडी होते, उभं राहतानाही मांडीचा स्नायू ताणलेला राहतो आणि काही महिन्यांनी वाटीभोवती दुखायला लागतं. घरी तपासायची तुमची युक्ती तर फारच सोपी: पालथं झोपायचं, मांड्या पलंगावर, गुडघ्याखालचे दोन्ही पाय काठाबाहेर सैल. मग दोन टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायचा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. कोनमापक लागत नाही.

आणि दिवसामागून दिवस मेहनत करूनही सरळ होताना स्प्रिंगवर आदळल्यासारखं वाटत असेल तर जोर वाढवायचा नाही, दाखवायचं. कधीकधी नव्या लिगामेंटच्या पुढे व्रणाची गाठ धरते आणि दाराच्या बिजागरीत खडा अडकावा तशी ती आड येते. व्यायामाने ती जात नाही, दुर्बीण घालून काढावी लागते. चिकाटी कुठे थांबवायची हे सांगणारा माणूस विरळाच भेटतो, मॅडम.

मांडीचं प्रकरण वेगळं. "मांडी दगडासारखी आवळा" असं सांगितलं तरी मांडी ऐकतच नाही. माणसाला वाटतं आपल्यातच दम नाही. तुम्ही शांतपणे सांगायचात की सांध्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साठलं तरी मज्जासंस्था मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला दाबून ठेवते. गुडघा स्वतःला वाचवण्यासाठी त्या स्नायूचा फ्यूज काढून ठेवतो. म्हणून आधी सूज, मग ताकद. पाय सरळ उचलताना गुडघा दोन-चार अंश खाली पडला तर तुम्ही ते आवर्तन मोजायचाच नाहीत. न पडता सलग दहा होईपर्यंत कुबड्या सोडायच्या नाहीत. जे आधी सोडतात त्यांची लंगडी चाल अंगवळणी पडते आणि ती मोडायला पुढे दुप्पट वेळ जातो.

आता वही. चार रकाने: किती सरळ, किती वाकतो, घेर, आणि काल काय केलं. घेर दोन ठिकाणी, वाटीच्या मध्यावर आणि वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर. पहिला आकडा सुजेचा, दुसरा मांडीचा. रोज सकाळी उठल्याउठल्या, आडवं पडून, टेप न आवळता. संध्याकाळी मोजलं तर दिवसभराचं चालणं त्यात मिसळतं आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

सुजेची दुसरी तपासणी मात्र तुमच्या हातून पाहावी. पाय सरळ, मांडी सैल. तळहाताने गुडघ्याच्या आतल्या बाजूने खालून वर दोन-तीनदा निपटायचं, म्हणजे साचलेलं पाणी वाटीच्या वरच्या पिशवीत जातं आणि आतल्या बाजूला छोटा खळगा दिसतो. मग हात बाहेरच्या बाजूला नेऊन वरून खाली एकदा फिरवायचा आणि नजर त्या खळग्यावर ठेवायची. काही हललं नाही तर उत्तम. बारीक लाट आली तर आहे तेवढंच चालू ठेवायचं. बाहेरून हात फिरवायच्या आधीच खळगा भरून आला तर कालचा व्यायाम जास्त झाला. तुम्ही म्हणायचात, "प्रश्न आपण काल विचारला, गुडघ्याने उत्तर आज सकाळी दिलं." आम्हाला या एका वाक्याने जितकं सावरलं तितकं एकाही गोळीने नाही. तोवर सूज आली की सगळं संपलं असं वाटायचं. तुमच्या हिशेबात सूज म्हणजे फक्त एक पायरी मागे: वजन कमी, आवर्तनं कमी, दोन दिवस थांबून पुन्हा तीच पायरी. पूर्ण बंद कधीच नाही. बंद केलं की मांडी वितळते आणि पुढच्या वेळी तेवढंच वजन खरोखरच जास्त होतं.

सगळ्यांत घातकी काळ सहा ते बारा आठवड्यांचा, हे ऐकून कुणाचाही विश्वास बसत नाही. दुखणं थांबलेलं, चाल सुधारलेली, जिने चढता येतात. पण आत बसवलेला टेंडन त्या वेळी सगळ्यांत कच्चा असतो. सुरुवातीला त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या सोडतं, जुने धागे काढून नवे विणतं, आणि या मोडतोडीत तो पहिल्या दिवसापेक्षाही कमजोर होतो. म्हणजे गुडघा ठीक वाटणं आणि लिगामेंट पक्कं होणं या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही भिंतीवर बारा आठवड्यांची पट्टी काढून दुसरा अर्धा भाग लाल रंगवला होता. धावत बस पकडण्याचा मोह त्या लाल पट्टीमुळेच टळतो.

हॅमस्ट्रिंगचा टेंडन काढलेल्यांना याच सुमारास आणखी एक धक्का बसतो. बुटाची नाडी बांधायला वाकावं आणि मांडीच्या मागे फट्ट व्हावं. दुसऱ्या दिवशी काळंनिळं. माणूस धरूनच चालतो की नवं लिगामेंट गेलं. बहुतेक वेळा जिथून टेंडन काढला तिथला भरत आलेला भाग सुटलेला असतो, काही दिवस विश्रांती आणि पुन्हा हळूहळू सुरुवात. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत म्हणून रात्रीची झोप उडाली नाही. (पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखम लाल झाली तर मात्र वही मिटायची आणि थेट हॉस्पिटल, हेही आधीच सांगितलंत. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवलेल्यांचं वेळापत्रक वेगळं, त्यांनी खोल बैठकांची घाई करू नये.)

तिसरा ते सहावा महिना कंटाळ्याचा. बहुतेक लोक इथेच गळतात, कारण दुखत नाही आणि आकडे हलत नाहीत. दोन्ही पायांनी लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) केला तर चांगला पाय गुपचूप सगळं काम उरकतो, म्हणून तुम्ही एकेक पाय वेगळा लावलात, आणि कच्चा पाय आधी. आठ ते दहा आवर्तनांचे तीन सेट, शेवटची दोन कष्टाने व्हायला हवीत. ती सहज झाली तर वजन वाढवायचं, आणि तेही थोडंच. बसून पाय सरळ करायच्या मशीनला आम्ही घाबरायचो. तुम्ही ती ९० ते ४५ अंशांपर्यंतच वापरायला लावलीत आणि पल्ला हळूहळू वाढवलात. बैठकांमध्ये खुबा लबाडी करतो, मांडीला एकटं गाठायचं तर ही मशीन लागतेच, हे तुमचं म्हणणं आता पटतं.

धावण्यासाठी तुम्ही तीन महिने ही किमान अट ठेवलीत आणि तीही पुरेशी मानली नाहीत. सूज नाही, पाय पूर्ण सरळ, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ७० टक्के. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, आठ वेळा, एक दिवस आड. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. पाऊल पडल्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा येतो का हे डोळे मिटून ऐकायचात, ते आठवून अजून हसू येतं.

नऊ महिन्यांवर मात्र तुम्ही अडून बसलात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत मैदान जितके महिने लांबवलं त्या प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, हे तुम्ही कागदावर दाखवलंत. त्याच्या जोडीला उड्यांच्या चार चाचण्या: एका पायावर एक उडी, सलग तीन, रेषेच्या आरपार तीन, आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. दुखऱ्या पायाला चांगल्याच्या किमान ९० टक्के. इथे पहिलं पान उघडलंत. नऊ महिने बसून चांगला पायही खंगलेला असतो, त्याच्याशी तुलना केली तर कच्चा पाय उगाच पास होतो. खरी तुलना ऑपरेशनपूर्वीच्या आकड्याशी. आणि उडीचं अंतर सारखं आलं तरी गुडघा न वाकवता खुब्यावर भार घेऊन उतरलेलं तुमच्या नजरेतून सुटलं नाही. उडी लांब, तरी नापास. त्या दिवशी तुमच्याशी कुणी धड बोललं नसेल, त्याबद्दल माफी.

मोठ्या खेळाडूंच्या तारखा आम्ही तुमच्या तोंडावर फेकायचो. तुम्ही अमेरिकेची स्कीपटू लिंडसे व्हॉनचं उदाहरण पुढे करायचात: फेब्रुवारी २०१३ मध्ये गुडघा गेला, त्याच नोव्हेंबरमध्ये सरावात पुन्हा दुखावला, २०१४ चं ऑलिम्पिक हुकलं, आणि २०१८ मध्ये तिने कांस्यपदक घेतलं. तुम्ही पदकावर कधीच थांबायचा नाहीत. बोट ठेवायचात ते फेब्रुवारी ते नोव्हेंबर या अंतरावर.

एक तक्रारही आहे. भीतीबद्दल तुम्ही फार उशिरा बोलता. ताकद आली, चाचण्या झाल्या, तरी वळताना पाय आपोआप आखडतो. ऑपरेशननंतर पुन्हा स्पर्धात्मक खेळात परतणारे सुमारे ५५ टक्केच, आणि मागे राहणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना गुडघा नव्हे तर हीच भीती अडवते. तुमच्याकडे बारा प्रश्नांची ती प्रश्नावली आहे, ती आठव्या महिन्यात काढता. चौथ्यातच काढा. भीतीलाही वहीत एक रकाना द्या, दर महिन्याला आकडा लिहू द्या. घेर कमी होताना दिसतो तशी तीही कमी होताना दिसली तर बरं वाटेल.

वह्या आम्ही टाकलेल्या नाहीत. नव्या पेशंटना दाखवायच्या असतील तर घेऊन जा, अक्षर वाईट आहे पण आकडे खरे आहेत. सूज वाढली त्या दिवसांची पानं मुद्दाम दुमडून ठेवली आहेत, तीच आधी दाखवा. आणि तुमची पिवळी मापाची टेप अजून आमच्याकडेच आहे, मंगळवारी आणून देतो.

तुमचे,
सकाळच्या बॅचचे गुडघेवाले