कशफचा राग वाचायला शिकवणाऱ्या उर्दूच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

'जिंदगी गुलजार है'मधली कशफ मुर्तजा लग्न झाल्यावरही नवऱ्याशी इतकी तुटक का वागते, हे तुम्ही आम्हाला उलगडून दाखवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. मालिकांवर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या ते रोज कामी येतं.

पाकिस्तानात हम टीव्हीवर २०१२-१३ मध्ये आलेली ही सव्वीस भागांची मालिका २०१४ मध्ये 'जिंदगी' वाहिनीवरून आपल्याकडे आली. बोली हिंदीच्या जवळची, त्यामुळे सगळं कळतंय असं वाटत राहतं. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. मराठी माणूस उर्दू शब्द ऐकतो आणि त्याला मराठी अर्थ लावून मोकळा होतो. आपल्याकडे 'मिजास' म्हणजे तोरा. उर्दूत 'मिजाज' म्हणजे नुसता स्वभाव. आपली 'जिद्द' हा गुण, त्यांची 'जिद' म्हणजे हट्ट. आपण 'शिकस्त' करतो ती प्रयत्नांची, उर्दूत शिकस्त म्हणजे हार. 'खुलासा' म्हणजे तिकडे सारांश, आणि 'तालीम' म्हणजे शिक्षण. एखाद्या बाईच्या मिजाजाबद्दल कुणी साधं काही बोललं तरी आपल्या कानाला ती माजोरडी वाटते, आणि पुढचा सगळा प्रसंग त्याच चष्म्यातून पाहिला जातो. तुम्ही दिलेली ही शब्दांची यादी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे.

दुसरी जोडी 'खुद्दारी' आणि 'अना' यांची. खुद्दारी म्हणजे स्वाभिमान, अना म्हणजे अहं. कशफमध्ये दोन्ही आहेत, आणि ते एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की कोणतं कधी बोलतंय हे प्रसंगागणिक तपासावं लागतं. वर तिची 'बदगुमानी': समोरच्याच्या मनात वाईटच असणार, असं आधीच धरून चालणं. हा तिचा खरा दोष आहे, तो झाकू नका, असं तुम्ही बजावलंत. त्याच दमात तो आला कुठून, हेही दाखवलंत. मुलगा झाला नाही म्हणून वडिलांनी दुसरं लग्न केलं. आई रफिया शाळेतली नोकरी आणि शिकवण्या यांच्या जोरावर तीन मुलींना वाढवते. त्यात विद्यापीठात तिच्याच वर्गातला जारून मित्रांमध्ये तिला गटवण्याच्या गोष्टी करत असतो आणि त्या तिच्या कानावर पडतात. म्हणजे बदगुमानीला पुरावाच मिळाला! पुढे त्याच माणसाचं स्थळ येतं.

इथे बहुतेकांचा घोळ होतो. लग्न मनाविरुद्ध, म्हणजे बळजबरीचं, असं धरलं जातं. निकाहात प्रस्ताव आणि स्वीकार दोन्ही स्पष्ट लागतात, साक्षीदार लागतात, मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम ठरते. कशफने होकार दिलेला आहे. आईने आणि विद्यापीठातले प्राध्यापक सर अबरार यांनी समजावल्यावर दिला, पण तिनेच दिला. त्यामुळे तिची नाखुशी ही आपल्याच निर्णयावर विश्वास न बसण्याची नाखुशी आहे. जारून प्रेमाने वागला की ती जास्तच सावध होते, ते यामुळे. फसवणूक होणारच, फक्त कधी, एवढंच तिला ठरायचं बाकी वाटतं.

आता तुमची चार रकान्यांची वही. पहिल्या रकान्यात समोरच्याने आधी काय केलं, दुसऱ्यात कशफ तोंडाने काय बोलली, तिसऱ्यात प्रत्यक्ष काय केलं, चौथ्यात डायरीत काय आलं. या मालिकेत कशफ आणि जारून दोघंही डायरी लिहितात आणि ती आपल्याला ऐकू येते, म्हणून चौथा रकाना भरता येतो. एरवी तो आपल्या अंदाजाने भरला जातो आणि तिथेच लेख फसतो. प्रसंग तीनदा पाहायचा: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना चेहऱ्यावर जे दिसतं ते दुसऱ्या रकान्याशी जुळलं नाही, तर तिथे तांबड्या पेनाने खूण. एका बैठकीत दोनच प्रसंग. जास्त घेतले की आधीच्या प्रसंगाचा राग पुढच्यावर निघतो, कशफचा नव्हे, आपला.

ओसामाचा प्रसंग असा मांडला तेव्हा चित्रच पालटलं. जारूनचा मित्र ओसामा याने पूर्वी कशफला मागणी घातली होती, हे जारूनला लग्नानंतर कळतं आणि तो संशय घेतो. स्वतः मात्र जिच्याशी आधी साखरपुडा मोडला त्या अस्माराला भेटतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. दुसरा रकाना एकटा वाचला तर कशफ उर्मट ठरते. पहिला जोडून वाचला की ती हिशोब मागते आहे, आणि चौथा जोडला की आईसारखं आपल्यालाही टाकलं जाईल ही भीती उघडी पडते. तरीही घर सोडून जाण्यात तिची घाई होती, हे तुमचं मत आम्हाला पटलं. तो भाग आम्ही तसाच लिहिला, मऊ केला नाही.

कशफ या नावाचा अर्थ पडदा दूर होणं, हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर आम्ही त्यावरच लेख रचला असता, हे तुम्हाला माहीत होतं!

वहीच्या कोऱ्या पानाची झेरॉक्स आता नवीन लिहिणाऱ्या प्रत्येकाला देतो. त्यावर वरच्या कोपऱ्यात तुमच्या अक्षरातलं 'आधी पहिला रकाना' तसंच ठेवलं आहे.

आपले ऋणी,
मालिकांवर लिहिणारे आम्ही सगळे