गुडघा फुटलाय, पण आधी सगळं वाचा

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक टाकलं की तुम्ही दोन ओळी वाचून अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून मुद्दाम ईमेल करतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका, तुम्ही कुठे गाळता ते तिला बरोबर कळतं.

आधी कबुली देते म्हणजे सुटले. मागच्या शनिवारी-रविवारी मी "घरीच आहे गं, कपडे धुवायचेत" म्हणाले होते ना, घरी नव्हते. शुक्रवारी सुट्टी टाकून सायकल घेऊन बोडेनसेला गेले होते, तीन दिवस, एकटी. आणि दुसऱ्या दिवशी पडले. डावा गुडघा फुटलाय, तळहात खरचटलाय, टाके नाहीत, हाडाला काही नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन मागच्याच वर्षी झालंय. आई, झालं. आता उरलेलं शांतपणे ऐक.

बोडेनसे म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मधे पसरलेलं मोठं तळं, लांबी ६३ किलोमीटर, म्हणजे खडकवासला यात किती वेळा मावेल ते बाबाच सांगतील. त्याला पूर्ण फेरा मारणारी सायकलची वाट आहे, साधारण २६० किलोमीटरची, पाटीवर सायकलवाल्याचं चित्र आणि त्याचं मागचं चाक निळं, ते निळं चाक दिसत राहिलं की समजायचं आपण बरोबर चाललोय. मी काही अख्खा फेरा मारला नाही. पश्चिमेकडचा निवांत भाग तेवढा केला, रोज जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर, त्यातही निम्मा वेळ कुठेतरी बसून काहीतरी खाण्यात.

श्टुटगार्टहून सकाळची ट्रेन पकडून आधी सिंगेन, मग राडोल्फझेल. तिथून वाट बराच वेळ रेल्वेच्या रुळांना चिकटूनच जाते, एका बाजूला गाडी धडधडत जाते आणि दुसऱ्या बाजूला नुसता पाणवेतांचा पट्टा, बदकं, बगळे, आणि त्यापलीकडे पाणी इतकं स्थिर की मला उगाचच हळू चालवावंसं वाटायला लागलं. बाबा, रविवारी सकाळी तुम्ही मला पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवून खडकवासल्याला न्यायचात, सिंहगड रोडवर तेव्हा एवढी गर्दी नव्हती, आणि धरण दिसलं की तुम्ही बोलायचं थांबायचात. तसंच झालं माझं.

पहिला थांबा म्हणजे रायशेनाउ बेट. बेट म्हणायचं पण १८३८ साली बांधलेल्या भरावावरून सायकल थेट आत जाते, दोन्ही बाजूला उंचच उंच झाडं, आपल्याकडे जुन्या रस्त्यांवर वडाची रांग असायची तशी, फक्त इथे पॉप्लरची. इथला मठ सन ७२४ मधला. अख्खं बेट जागतिक वारशाच्या यादीत आहे, २००० सालापासून, आणि तरी लोक आपले निवांत काकड्या-टोमॅटो पिकवताहेत! चर्चच्या बाजूला काचेची हरितगृहं, त्याच्या बाजूला सॅलडचे वाफे. आई, रस्त्याकडेला एक लाकडी फळी, त्यावर काकड्या, भोपळे, फुलांच्या जुड्या, माणूस कोणी नाही, पैसे टाकायला एक डबा. मी दोन काकड्या घेतल्या आणि सुट्टे नव्हते म्हणून पाच युरोची नोट टाकून आले, तुझ्या हिशोबाने मला लुटलं.

तिथेच नवव्या शतकात एका मठाधिपतीने आपल्या बागेतल्या चोवीस वनस्पतींवर कविता केली होती, कुठली कशावर उपयोगी पडते वगैरे. तशी बाग आता मठाजवळ पुन्हा लावलीये. मी प्रत्येक वाफ्यापाशी उभी राहून "आईच्या कुंडीत हे आहे का" असं बघत होते. बडीशेप निघाली.

पण खरी मजा सेंट गेओर्गच्या चर्चमध्ये. भिंतींवर येशूच्या चमत्कारांची चित्रं आहेत, हजार वर्षांपूर्वीची, रंग अजून दिसतात, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत आत फक्त गाईडसोबतच सोडतात कारण एवढ्या माणसांच्या श्वासाने हवा दमट होऊन चित्रं खराब होतात. तिथे एक वेगळं, नंतरच्या काळातलं चित्र आहे, चार सैतान गाईचं कातडं ताणून धरून त्यावर काहीतरी लिहिताहेत. काय लिहिताहेत? तर चर्चमध्ये बायका ज्या गप्पा मारतात त्या! आणि त्या गप्पा एवढ्या की कातडं पुरत नाही. मी तिथे फिस्सकन हसले, गाईडने बघितलं. आई, तुमच्या भजनी मंडळाच्या मागच्या रांगेला हा फोटो नक्की दाखव. (बाबा, हसू नका, पुरुषांच्या गप्पा कोणी लिहिल्याच नाहीत, तेवढ्या गाई कुठून आणणार.)

रात्री कॉन्स्टान्झला राहिले. या गावात १४१४ ते १४१८ अशी चार वर्षं धर्मसभा भरली होती, कारण एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघंही म्हणत होते मीच खरा. ती इमारत बंदराशेजारी अजून उभी आहे, १३८८ ची, मूळची व्यापाऱ्यांची वखार. आणि समोरच पाण्यात एक नऊ मीटरची बाई स्वतःभोवती हळूहळू फिरते, दोन्ही हातांवर एकेक उघडा छोटा माणूस, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सम्राटाचा. १९९३ चा पुतळा आहे. आई, तू नाक मुरडशील, पण मला फार आवडला.

त्याच सभेने यान हुस नावाच्या माणसाला जाळलं, ६ जुलै १४१५ ला. तो प्रागहून आला होता, राजाने सुरक्षित परत पाठवायचं लेखी आश्वासन दिलेलं, तरी जाळलं. गुन्हा काय, तर धर्मसत्तेला प्रश्न विचारतो, आणि लोकांना त्यांच्याच बोलीत, चेकमध्ये, सांगतो. राखसुद्धा ऱ्हाईनमध्ये टाकून दिली, मागे काही राहायला नको म्हणून. गावाबाहेर त्याच्या नावाचा एक मोठा दगड ठेवलाय, घरांच्या मधेच, बघायला मी एकटीच होते. आपल्याकडे तुकोबांच्या वह्या नदीत बुडवल्या, इथे माणसाची राख. पाण्याला काय काय सांभाळायला लावतात लोक.

शनिवारी सकाळी सायकलसकट फेरीबोटीने पलीकडे मेर्सबुर्गला, पंधरा मिनिटांत. पुढे पाण्यात खांबांवर उभी असलेली घरं लागतात, अश्मयुगातली आणि कांस्ययुगातली, म्हणजे तशी नव्याने बांधलेली, पहिली दोन १९२२ सालची. गर्दी फार होती, फोटो काढून निघाले.

मग बिर्नाउचं चर्च, टेकाडावर, खाली द्राक्षांचे मळे थेट पाण्यापर्यंत उतरलेले. आत एक गुबगुबीत देवदूत मधाचं पोळं काखेत मारून बोट चाटत उभा आहे, अगदी आपला बाळकृष्णच, फक्त लोण्याऐवजी मध. त्याच खुशीत मी बाहेर आले आणि मळ्यांमधून उतरणाऱ्या वाटेला लागले, वाटेवर बारीक खडी, समोर अख्खं तळं आणि लांब आल्प्सची पुसट रेघ, मी तिकडे बघत होते रस्त्याकडे नाही, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला आणि गेले. बाबा, "उतारावर आधी मागचा ब्रेक" हे तुम्ही मला पाचवीत शिकवलेलं. माहितीये.

मागून एक आजी-आजोबा येत होते, सत्तरीच्या पुढचे, बॅटरीच्या सायकलींवर. आजीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅगेतून अख्खा दवाखाना बाहेर काढला, जखम धुतली, पट्टी बांधली, वर रागावली पण, जर्मनमध्ये असूनही मला तूच आठवलीस. आजोबा तोवर माझी उतरलेली चेन बसवत होते. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत बाबा, दोन्ही, आणि ते रोज वीस किलोमीटर चालवतात, बॅटरी चढाला लावतात फक्त. मी त्यांना सांगितलं माझे बाबा चाळीस वर्षं सायकलने पर्वतीच्या जलकेंद्रावर कामाला जायचे, तर ते म्हणाले मग पुढचं गाव त्यांच्यासाठीच बघून जा.

पुढचं गाव म्हणजे सिप्लिंगेन. बाबा, इथून पुढे तुमच्यासाठी. माझ्या श्टुटगार्टच्या घरात नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं या तळ्यातून येतं, शंभराहून जास्त किलोमीटर लांबून! साठ मीटर खोलीवरून उचलतात, तिथे ते बारा महिने थंडगार, मग पंपांनी तीनशे मीटर वर डोंगरावर चढवतात, वर बारीक जाळ्या, ओझोन, आणि शेवटी वाळूच, तुमच्यासारखीच. तिथून पुढे पाइपातून चाळीस लाख लोकांना. १९५८ पासून चालू आहे. तीनशे मीटर एका दमात चढवतात, पंप केवढे असतील ते तुम्हीच हिशोब करून सांगा. मी खाली रस्त्यावर उभी राहून वरच्या इमारती बघत होते, गुडघा ठणकत होता, आणि बाटलीतलं पाणी पिताना एकदम जाणवलं की चार वर्षं मी हेच पितेय आणि कधी विचारलंच नाही कुठून येतं. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतंत.

रविवारी होरीला जायचं होतं, तिथले लालसर चपटे कांदे प्रसिद्ध आहेत, आईसाठी बघणार होते, पण गुडघा वाकेना, म्हणून राडोल्फझेलहून गपचूप ट्रेन धरली. इथे हे बरं आहे, दमलं की गाडीत किंवा बोटीत बसा.

आता मुद्द्याचं. बाबा जुलैत पावसात सायकलवरून पडले हे मला गणपतीत शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्ही दोघंही फोनवर "सगळं मजेत" म्हणत होतात. मी तेव्हा खूप चिडले होते आणि नंतर मीच कपडे धुवायची थाप मारून इकडे आले, त्यामुळे आता कुठल्या तोंडाने बोलू. पण मी सांगितलंय, गुडघ्याचा फोटो जोडलाय, पट्टी काढून.

आई, सायकल भंगारवाल्याला द्यायची म्हणत होतीस ती एवढ्यात देऊ नकोस. पुढच्या मेमध्ये याल ना तेव्हा बाबांसाठी तीन चाकांची, बॅटरीची भाड्याने बघते, वाट बहुतेक सपाट आहे, तू बोटीने ये, पलीकडच्या धक्क्यावर भेटू. तोवर ती जिन्याखाली राहू दे.

आणि बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला होता असं काकू म्हणत होत्या. त्याचा रिपोर्ट फोटो काढून पाठव, नुसतं "डॉक्टर म्हणाले ठीक आहे" असं लिहू नकोस.

तुमचीच,
मनू