पावसाशी घासाघीस

प्रिय मंदा,

तुझं पत्र मिळालं. ‘पन्नाशी उलटली तरी तुझं इंदिरा संतांचं वेड काही जात नाही,’ असा टोमणा मारलायस. वेड आहेच गं, पण मी आता वाचते त्या इंदिराबाई आपल्या कॉलेजातल्या नव्हेत.

तेव्हा तू नामदेव ढसाळांच्या जहाल कविता वाचायचीस आणि तुझ्या नादानं मीही. त्यापुढे इंदिराबाईंच्या कविता मिळमिळीत वाटायच्या. संध्याकाळ, वाट पाहणं, पुन्हा संध्याकाळ. १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘गर्भरेशीम’ला मिळालेला, म्हणून आदर होता इतकंच.

पुढे त्यांचं आयुष्य कळलं. १९४०मध्ये नवऱ्याबरोबर काढलेला ‘सहवास’ हा कवितासंग्रह, १९४६मध्ये नारायण संतांचं जाणं, मग बेळगावात शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजातली नोकरी, आणि एकामागून एक ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’. झालं! मी प्रत्येक ओळ उचलून १९४६च्या खुंटीला टांगायला लागले. सखा आला की नारायणराव, अंधार आला की वैधव्य. डोळे भरून यायचे, आणि कविता समजली असं वाटायचं. बाईनं लिहिलं की तिचं दुःख शोधायचं, ही आपल्याकडची जुनी खोड.

या खुंटीवर बसेना ती ‘कुब्जा’ ही कविता. राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं, आणि पहाटे अर्ध्या पाण्यात उभी राहून कुब्जा एकटीच मुरली ऐकते. ही मुरली माझ्यासाठी आहे, असं तिला वाटतं आणि डोळ्यांतून सुखाचे थेंब येतात. सुखाचे, मंदा! कृष्णाच्या गोष्टीत जिला कोणी विचारत नाही, तिच्या वाट्याला बाईंनी अख्खी पहाट दिली. इथे कुठलं चरित्र लावणार?

मग ‘नको नको रे पावसा’ पुन्हा काढली. शाळेत ती ठेक्यासाठी आवडायची, नंतर विरहासाठी. आता बघते तर ही सरळसरळ घासाघीस आहे. आधी दटावणी: माझं घर चंद्रमौळी, कौलांवर नाचू नकोस, गळतीखाली ठेवायला तांबे-सतेली-पातेली आणू कुठून? मग सायलीची तक्रार, नेसूच्या जुनेराची तक्रार. तुझं इतकं सोसलंय, असं ऐकवून झालं की हळूच काम सांगते: वेशीपुढे आठ कोस धाव आणि वाटेवरल्या सख्याला परत आण. विजेबाईलाही कामाला लावते. तेवढं केलंस तर घाल हवा तेवढा धिंगाणा, तुझ्यासाठी पितळेची लोटीवाटी मांडीन! गळतीला भांडं नव्हतं, पाहुणचाराला मात्र निघालं. इतका मिश्कील हिशेब त्या अष्टाक्षरीत बसलाय आणि मी इतकी वर्षं नुसते उसासे टाकत होते.

ही ऐट मला जात्यावरच्या ओव्यांतली वाटते. तिथेही बाई सूर्याला, पावसाला, विठ्ठलाला घरच्या माणसासारखं बोलते. रुसते, कामं सांगते. इंदिराबाईंनी या ओव्यांवर ‘मालनगाथा’ केली ती उगाच नव्हे. निनावी बायकांच्या ओळींपाशी त्या थांबतात, चवीनं उलगडून सांगतात. कवितेइतकंच मला ते पुस्तक मोठं वाटतं. भांडायचं असेल तर भांड.

सगळंच आवडतं असं नाही हं. मधल्या संग्रहांतल्या काही कविता एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, त्या मी बिनदिक्कत उलटते. आणि प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ तू अजून वाचला नसशील तर तुझ्याशी कट्टी. या मायलेकांनी बेळगावकडचं घर-अंगण मराठीत किती दिलंय!

एक काम आहे. तुझ्या आईला दळणाच्या ओव्या येतात ना? पावसाच्या, भावाच्या, असतील त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. त्या ‘मला कुठे आता आठवतंय’ म्हणतील. चहा दे आणि शेजारी बसून राहा, आठवेल. मध्ये बोलू मात्र नकोस, तुला ते जमत नाही हे ठाऊक असूनही सांगते.

तुझी,
वीणा