‘आमेन लिहा’ म्हणणाऱ्या पानांबद्दल

प्रिय रॉबर्ट,

सप्रेम नमस्कार.

युवक शिबिरात अर्ध्या तासात ‘अपप्रचार, राजकारण आणि आपली श्रद्धा’ बसवायचंय म्हणतोस, तर व्याख्येत वेळ घालवू नकोस. सरळ एक चित्र पडद्यावर लाव. सैतान आणि येशू पंजा लढवताहेत. सैतान म्हणतो, मी जिंकलो तर क्लिंटन जिंकणार. खाली ओळ : येशूला जिंकवायला लाईक दाबा. अमेरिकेतल्या 2016च्या अध्यक्षीय निवडणुकीआधीची (क्लिंटन म्हणजे ट्रम्पविरुद्ध उभ्या हिलरी क्लिंटन) ही जाहिरात, ‘आर्मी ऑफ जीझस’ नावाच्या फेसबुक पानाची. ते पान चालवत होती रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची इंटरनेट रिसर्च एजन्सी, म्हणजे खोटी खाती उघडून अपप्रचार करणारी कंपनी.

पोरं हसतील, हसू दे. मग आकडे सांग. खर्च 64 रूबल, जाहिरात दिसली 71 वेळा, क्लिक 14. जाहिरात सपशेल आपटली! पण पानाला दोन लाखांवर लोक जोडलेले होते, आणि ते या चित्रापायी आले नव्हते. ते आले प्रार्थनेच्या, ‘आमेन लिहा’च्या साध्या पोस्टांनी. त्याच नावाचं इन्स्टाग्राम खातं तर आधी कर्मिट या बाहुल्या-बेडकाच्या मीम्सचं होतं, मग सिम्पसन्स या कार्टूनचं, आणि शेवटी प्रभूचं. भक्ती हे तिथे गर्दी जमवायचं साधन. गर्दी जमली की हवं तेव्हा तिच्यात राजकारण सोडायचं. म्हणून चित्र खरं की खोटं यापेक्षा पान कुणाचं, हे आधी बघायला शिकव.

फेसबुकवर पानाच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडायची. तिथे तीन गोष्टी : पान कधी सुरू झालं, आधीची नावं कोणती, चालवणारे कुठल्या देशात. पाककृतींचं पान अचानक ‘येशू माझा तारणारा’ झालं असेल तर ते विकलं गेलंय किंवा वेष बदललाय. देशाची माहिती प्रत्येक पानावर दिसत नाही, पण नावांचा इतिहास सहसा पुरतो. हेतू दर वेळी राजकीयच असतो असंही नाही. 2019च्या फेसबुकच्या अंतर्गत अहवालात अमेरिकेतल्या पहिल्या 20 ख्रिस्ती पानांपैकी 19 पूर्व युरोपातल्या ट्रोल टोळ्या (खोट्या ओळखीने पानं चालवणारे गट) चालवत असल्याचं निघालं. दुसऱ्यांच्या पानांवर गाजलेलं उचलायचं, पुन्हा टाकायचं, एवढाच धंदा.

व्हॉट्सॲपवर पानच नसतं, तिथे अडचण. संदेशावर फॉरवर्डचा दुहेरी बाण दिसला तर मजकूर किमान पाच हातांतून आलाय. मात्र कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवला की बाण गायब, त्यामुळे बाण नाही म्हणून निर्धास्त राहू नये. फोटो आधी कुठे आलाय हे शोधायला गूगल लेन्समध्ये टाकताना त्याच्यावर लिहिलेला मजकूर कापून टाकायला सांग, नाहीतर शोध अक्षरांमागे धावतो.

पोपच्या नावाने आलेल्या वाक्याला मात्र सोपी कसोटी आहे : तारीख आणि प्रसंग. पोप जाहीरपणे बोलले की भाषण सहसा व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर तारखेनिशी येतं. ‘पोप म्हणाले’ एवढंच असेल तर बाजूला ठेवायचं. 2016त ‘पोप फ्रान्सिस यांचा ट्रम्पना पाठिंबा’ ही बातमी जगभर फिरली. ज्या साइटवर ती जन्मली, तिच्या ‘आमच्याविषयी’ पानावर आमचं बहुतेक लिखाण विनोदी नाहीतर काल्पनिक, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कुणी उघडून पाहिलं नाही. साइटचं हे ‘आमच्याविषयी’ पान उघडून बघायची सवय पोरांना लाव, मिनिटसुद्धा लागत नाही.

वाचन हवं असेल तर पोप फ्रान्सिस यांचा 24 जानेवारी 2018चा संदेश घे. त्यात एदेन बागेतल्या सापाच्या बोलण्याला त्यांनी खोट्या बातमीचा आद्य नमुना ठरवलंय. साप सुरुवात करतो ती देवाच्याच शब्दांनी, किंचित वाकवून : ‘कोणत्याही झाडाचं फळ खाऊ नका’ असं देव खरंच म्हणाला का? मनाई एकाच झाडाची होती. यावर दहा मिनिटं सहज जातील.

आणि हो, गटावर असलं काही टाकणारे बहुतेक आपले काका-मावश्याच असतात. त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही, हे पोरांना बजाव. खासगीत फोन करायचा, पानाची जुनी नावं दाखवायची, आणि पोस्ट त्यांच्याच हातांनी काढून घ्यायची. प्रोजेक्टर आदल्या दिवशी लावून बघ.

तुझा,
पीटर